पाणचक्कीचा गारवा, मोटारीचा ताप

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहुणा आला की आपण त्याला पाणचक्की दाखवतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही चक्की जुन्या काळातली. डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंचावरून पडायचे, त्या जोरावर जाते फिरायचे आणि फकिरांचे, यात्रेकरूंचे दळण व्हायचे. पाहुणा पडते पाणी बघून खूश होतो. पण खरी गंमत हौदाखाली आहे. हौदाचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचे छत! वैशाखातही तेथे गारवा. एकाच नहरीच्या पाण्याने पीठही दिले आणि थकल्या माणसाला विसावाही.

पुढे पाण्याची जागा विजेने घेतली. निकोला टेस्ला यांना १८८८ साली मोटारीचे पेटंट मिळाले. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आपल्या शहरात चिकलठाणा, मग वाळूज अशा वसाहती उभ्या राहिल्या; १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. सुटे भाग करणाऱ्या छोट्या शेडमध्ये लेथ फिरू लागले.

मोटार काम करते तशी तापतेही. विजेचा प्रवाह सव्वापट झाला तर तारांतली उष्णता सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त होते. तारेवरचे वार्निश करपले की मोटार जळाली! ढोबळ हिशेब असा, की दहा अंश ताप वाढला तर या आवरणाचे आयुष्य निम्मे होते. साधारण मोटारी बाहेरची हवा चाळीस अंशांपर्यंत धरून बनवतात. मे महिन्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडला हा हिशेब कुठून पुरणार?

मोटारीच्या पाठीला पंखा असतो, पण तो तिच्याच दांड्यावर. ड्राइव्ह लावून वेग निम्मा केला की पंखाही मंदावतो. भार तोच, वारा कमी. म्हणून जाणता कारागीर पत्र्याची टोपी वाकवतो, तिच्यात वेगळ्या वायरीवर चालणारा पंखा बसवतो आणि मोटार कितीही हळू फिरो, अंगावरच्या पट्ट्यांवरून वारा वाहता ठेवतो. त्याआधी पट्ट्यांत साचलेली धूळ नि तेलाचा चिकटा काढतो. निम्मे काम तेवढ्यानेच होते. ओले गोणपाट मात्र कधीच टाकत नाही. त्याने वारा अडतो आणि पाणी विजेत शिरले तर जिवाशी गाठ.

हे सारे करावे लागते, कारण मोटार जळाली की रिवाइंडिंग होईपर्यंत यंत्र बंद आणि रोजंदारीवरच्या माणसाची चूलही थंड.

पण एक विचारावेसे वाटते. मोटारीला आपण पंखा लावला, तिच्या शेजारी आठ तास उभ्या असलेल्याचे काय? पाणचक्की बांधणाऱ्यांनी चक्कीसोबत माणसाच्या सावलीचाही विचार केला होता. शेडच्या पत्र्याखाली एखादे छत, भिंतीत झरोका, कोपऱ्यात पाण्याचा माठ, एवढे तर आपल्याला जमेलच. मोटार तापली तर वासाने कळते. माणूस तापला तर तो गप्पच राहतो.