ब्यूफर्ट : खाजणांचा जिल्हा आणि जमिनीचा पट्टा

एखाद्या देशाचे अंतरंग जाणून घ्यायचे तर त्याच्या राजधानीपेक्षा एखाद्या जिल्ह्याचे दप्तर उघडून पाहावे, असे महसुली कामात उभी हयात घालविलेल्या आम्हांस नेहमीच वाटत आले आहे. राजधानीत घोषणा होतात. त्यांचे पुढे काय झाले हे जिल्ह्यात कळते. अमेरिकेतील गुलामगिरी संपली, हे आपण शाळेत शिकलो. परंतु सुटलेल्या माणसांच्या हाती काय आले आणि त्यांतले किती टिकले, हे पाहण्यासाठी आम्ही या लेखात दक्षिण कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट काउंटीकडे वळत आहोत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. याच नावाची एक काउंटी उत्तर कॅरोलायनातही आहे, पण तिचा उच्चार तेथील लोक 'बोफर्ट' असा करतात. दक्षिणेतील मंडळी मात्र 'ब्यूफर्ट'च म्हणतात आणि चुकल्यास पाहुण्याला दुरुस्तही करतात.

भूमी आणि पाणी

चार्ल्सटन आणि सव्हाना या दोन जुन्या बंदरांच्या मध्ये अटलांटिक महासागराला टेकलेला हा प्रदेश. याच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा. पोर्ट रॉयल, लेडीज आयलंड, सेंट हेलेना, पॅरिस आयलंड, हिल्टन हेड, डाफस्की अशी लहानमोठी असंख्य बेटे, त्यांच्यामधून वळसे घेत जाणाऱ्या खाड्या आणि मैलोगणती पसरलेली खाजणे. दिवसातून दोनदा भरती येते आणि पाणी सहा-सात फूट चढते. भरतीला जेथे होडी चालते, तेथेच ओहोटीला कालवे वेचणारी माणसे चिखलात उतरलेली दिसतात. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

१५६२ मध्ये फ्रेंच आणि १५६६ मध्ये स्पॅनिश येथे उतरले. दोघांच्याही वसाहती टिकल्या नाहीत. ब्यूफर्ट हे गाव इंग्रजांनी १७११ साली वसविले. प्रथम नीळ आणि पुढे लांब धाग्याचा 'सी आयलंड' कापूस या पिकांवर मळेवाले गबर झाले. हा कापूस रेशमाच्या तोडीचा मानला जाई. तो पिकविणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते आणि बेटांवर गोऱ्यांपेक्षा त्यांचीच संख्या कितीतरी अधिक होती. मालक उन्हाळ्यात हिवतापाच्या भीतीने बेटे सोडून जात. या एकांतामुळेच पश्चिम आफ्रिकेतील निरनिराळ्या भाषा आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून 'गला' ही भाषा घडली व टिकली.

तोफांचा दिवस

७ नोव्हेंबर १८६१ रोजी उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलच्या मुखावरील किल्ले काही तासांत घेतले. मळेवाले हाती लागेल ते घेऊन पळाले. मागे राहिले सुमारे दहा हजार गुलाम, उभे कापसाचे पीक आणि ओस पडलेले वाडे. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराच्या दक्षिण अटलांटिक पथकाचे ठाणे पुढे येथेच होते.

या नाकेबंदीचा धागा थेट आपल्याकडे येतो. अमेरिकन कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडातील शेतकऱ्यांपासून मुंबईच्या सट्टेबाजांपर्यंत सर्वांना त्या चार वर्षांनी वेड लावले. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद त्या तेजीचेच राजे होते. पोर्ट रॉयलच्या खाडीतील आगबोटी आणि मुंबईचा तो मनोरा यांचे नाते असे दूरचे, पण खरे आहे.

सनद आणि पट्टा

युद्ध चालू असतानाच या बेटांवर एक प्रयोग सुरू झाला. इतिहासकार त्याला 'पोर्ट रॉयल प्रयोग' म्हणतात. स्वतंत्र झालेला गुलाम मजुरीवर काम करील काय, शिकेल काय, स्वतःचा कारभार स्वतः पाहील काय, या प्रश्नांची उत्तरे येथे शोधली गेली. १८६२ मध्ये लॉरा टाउन आणि एलेन मरे या दोन स्त्रियांनी सेंट हेलेना बेटावर पेन स्कूल काढले. लॉराबाईंनी १९०१ साली मृत्यू येईपर्यंत ते सांभाळले. हिल्टन हेडवर वसलेल्या मिचेलव्हिल या मुक्त गुलामांच्या गावाने आपले अधिकारी स्वतः निवडले आणि मुलांचे शिक्षण सक्तीचे केले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांची मुक्तीची सनद पोर्ट रॉयल बेटावरील छावणीत हजारो कृष्णवर्णीयांसमोर वाचली गेली.

आमच्या दृष्टीने मात्र या साऱ्यांपेक्षा मोलाची घटना दप्तरातील आहे. पळून गेलेल्या मळेवाल्यांनी सरकारचा कर भरला नव्हता. १८६२ च्या कायद्यान्वये त्यांच्या जमिनी थकबाकीपोटी सरकारजमा होऊन लिलावात निघाल्या. बऱ्याच जमिनी उत्तरेतील धनिकांनी घेतल्या. परंतु काही भाग दहा-वीस एकरांच्या तुकड्यांनी त्या जमिनी कसणाऱ्यांनाच मिळाला. १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी किनाऱ्यालगतच्या मोठ्या पट्ट्यात मुक्त गुलामांना जमिनी देण्याचा जो प्रसिद्ध हुकूम काढला, तो राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी निष्फळ केला आणि बहुतेक जमिनी जुन्या मालकांकडे परतल्या. हुकुमाने मिळालेले हुकुमाने गेले. कायदेशीर लिलावाने, नोंदलेल्या पट्ट्याने मिळालेले टिकले.

याचे ठळक उदाहरण रॉबर्ट स्मॉल्स. १८३९ मध्ये ब्यूफर्ट येथे गुलाम म्हणून जन्मलेल्या या नावाड्याने मे १८६२ मध्ये चार्ल्सटनच्या बंदरातून 'प्लँटर' ही शत्रूची आगबोट आपल्या कुटुंबासह पळवून उत्तरेच्या स्वाधीन केली. पुढे ज्या घराच्या आवारात तो गुलाम होता, तेच घर त्याने करथकबाकीच्या विक्रीनंतर विकत घेतले. जुन्या बाजूने दावा लावला. १८७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल स्मॉल्सच्या बाजूने दिला. १८६८ च्या राज्यघटना परिषदेत त्याने सर्वांसाठी मोफत शाळांचा आग्रह धरला आणि नंतर पाच वेळा तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला.

याच काळात, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेमागचे जग कसे होते, हे ब्यूफर्टच्या दप्तरात दिसते.

ओहोटी आणि पूल

पुढे ओहोटी लागली. २७ ऑगस्ट १८९३ च्या चक्रीवादळात या बेटांवर हजार ते दोन हजार माणसे बुडाली असावीत असा अंदाज आहे. क्लारा बार्टन यांनी रेड क्रॉसतर्फे अनेक महिने मदतकार्य चालविले. दोनच वर्षांनी राज्याच्या नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला; वृद्ध स्मॉल्स त्या परिषदेत विरोधात उभा राहिला, पण हरला. बोंडअळीने कापूस संपविला. तरी विसाव्या शतकाच्या आरंभी काउंटीतील दहांपैकी नऊ माणसे कृष्णवर्णीय होती आणि त्यांतील अनेकजण आपल्याच जमिनीवर राहत होते.

१९५६ मध्ये हिल्टन हेडला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला आणि सारे पालटले. चार्ल्स फ्रेझर या तरुण वकिलाने 'सी पाइन्स' ही वसाहत आखली : झाडे राखून घरे, गोल्फची मैदाने आणि प्रवेशाला फाटक. तिचे अनुकरण सर्वत्र झाले. १९९५ नंतर मुख्य भूमीवर निवृत्तांची मोठी नगरी उभी राहिली. काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये २६,९९३ होती. २००० मध्ये १,२०,९३७ आणि २०२० मध्ये १,८७,११७ झाली. ब्लफ्टन हे गाव २००० साली अवघ्या १,२७५ वस्तीचे होते. हद्दवाढ होत होत वीस वर्षांत ते २७,७१६ वर गेले. नवे रहिवासी बहुतांशी गोरे असल्याने कृष्णवर्णीयांचे प्रमाण आज पाचांत एकाहूनही कमी आहे.

वारसांची जमीन

दहा-वीस एकरांचा मूळ पट्टा घेणारा पणजोबा मृत्युपत्र न करता गेला. न्यायालय गोऱ्यांचे, वकील दूर आणि महाग. वारसाची नोंद कोण करणार? जमीन साऱ्या वंशजांची अविभक्त राहिली. तिला तेथे 'वारसांची जमीन' असेच म्हणतात. शंभर वर्षांनी तिचे सहहिस्सेदार न्यूयॉर्कपासून अटलांटापर्यंत विखुरलेले. एखाद्या दूरच्या वारसाने आपला हिस्सा बिल्डरला विकला की तो वाटपाचा दावा लावी. तुकडे करणे शक्य नाही असे ठरले की संपूर्ण जमिनीचा लिलाव होई. दुसरीकडे शेजारी बंगले उठल्याने कराची आकारणी चढे आणि थकबाकीपोटी जमीन विक्रीस निघे. ज्या लिलावाने जमीन पणजोबांना मिळाली, तसल्याच लिलावाने ती पणतवंडांच्या हातून गेली. आपल्या कचेऱ्यांत सामाईक खात्यांचे तंटे पाहिलेल्या माणसाला यातील दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कायदा उशिरा जागा झाला. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्याने इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी आणि योग्य मूल्यांकनाची हमी दिली. या कायद्याला क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव आहे. ब्यूफर्ट येथे जन्मलेले हे राज्य सिनेटर आणि धर्मोपदेशक जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये झालेल्या वंशद्वेषी गोळीबारात मारले गेले.

सार्वजनिक जीवन

काउंटीचा कारभार अकरा निवडून आलेल्या सदस्यांचे मंडळ पाहते. प्रशासक त्याने नेमलेला असतो. मंडळापुढील बहुतेक वाद जमिनीच्या वापराचे. १९७० मध्ये येथे एका जर्मन कंपनीचा रासायनिक कारखाना येऊ घातला, तेव्हा वसाहतवाले धनिक आणि कृष्णवर्णीय कोळी एकत्र आले. कोळ्यांची कोळंबीची बोट निषेधाचे अर्ज घेऊन वॉशिंग्टनला गेली आणि कारखाना आला नाही. १९९९ मध्ये सेंट हेलेना बेटावर फाटकबंद वसाहती व गोल्फची मैदाने यांना मनाई करणारा नियम झाला. २०२३ मध्ये त्यातून सवलत मागणारा प्रस्ताव मंडळाने फेटाळला. २०२२ मध्ये मतदारांनी मोकळ्या जमिनी राखण्यासाठी स्वतःवर दोन वर्षांचा जादा विक्रीकर लावून घेतला. आलेल्यांनाही, आपल्यामागून आणखी लोक येऊ नयेत, असे वाटू लागले असावे.

गला भाषेला दीर्घकाळ 'बिघडलेली इंग्रजी' म्हणून हिणविले गेले. १९४९ मध्ये लोरेंझो टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यातील हजारो आफ्रिकी शब्द आणि नावे दाखवून दिली; २००५ मध्ये बायबलचा नवा करार गलामध्ये छापला गेला. पेन स्कूलच्या आवारात आज संग्रहालय आहे आणि वारसांना आपली जमीन कशी सोडवावी याचे मार्गदर्शनही तेथे मिळत आले आहे. भाषा आणि जमीन यांची काळजी एकाच आवारात वाहिली जावी, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

मूळ भूमीपासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांना यातून घेण्याजोगे आहे. येथे आपण इनामदार म्हणून आलो, कारकून म्हणून आलो वा पुजारी म्हणून. आपण बेड्यांतून आलो नाही, हे अंतर विसरता कामा नये. तथापि घर टिकण्याची रीत सर्वत्र सारखीच. पूर्वजांनी मिळविलेल्यावर दर पिढीने आपली नोंद नव्याने करावी लागते. मग ती दप्तरातील असो वा बोलीतील. सेंट हेलेना बेटावरील ज्या कुटुंबांनी ती केली, त्यांची घरे आजही ओकच्या सावलीत उभी आहेत.