तृतीयपंथी व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय : रामपायली-बालाघाट परिसरासाठी माहिती

रामपायली, वारासिवनी आणि बालाघाट भागातील मराठी कुटुंबांचे नातेसंबंध आजही गोंदिया, भंडारा आणि नागपूरशी जुळलेले आहेत. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच प्रांतात होता. सोयरीक, दवाखाना, मोठी खरेदी यांसाठी आपली माणसे नागपूरकडे पाहतात. सरकारी कागद मात्र बालाघाट आणि भोपाळहून निघतो. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी तृतीयपंथी असल्याचे समजल्यावर नेमकी इथेच गल्लत होते. महाराष्ट्रातील नातेवाईक तिथल्या योजना सांगतात, पण त्यांतील बऱ्याच मध्य प्रदेशच्या रहिवाशाला लागू होत नाहीत. म्हणून ही माहिती एके ठिकाणी दिली आहे.

शब्दांविषयी

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला आतून जाणवणारी ओळख यांचा मेळ नसलेल्या व्यक्तीला तृतीयपंथी, पारलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणतात. मुलगा म्हणून वाढवलेली, पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती ट्रान्स स्त्री. याच्या उलट ट्रान्स पुरुष. आपल्या भागात हिंदीच्या सहवासाने ‘किन्नर’ हा शब्द रुळला आहे. तो मुख्यतः गुरू-चेला परंपरेतील घराण्यांविषयी वापरतात. प्रत्येक तृतीयपंथी व्यक्ती त्या परंपरेत जातेच असे नाही. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, शेतकरी म्हणून जगणारेही अनेक आहेत. समलैंगिकता ही वेगळी गोष्ट आहे. ती कुणाविषयी आकर्षण वाटते याच्याशी संबंधित आहे. आंतरलिंगी म्हणजे ज्यांची शरीररचना जन्मतःच ठरावीक स्त्री किंवा पुरुष साच्यात बसत नाही अशा व्यक्ती.

हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात याला मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढले आहे.

कागदाचे महत्त्व : कटनी ते जळगाव

मध्य प्रदेशाचा या विषयातील इतिहास मोठा आहे. शहडोल जिल्ह्यातील सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी विधानसभेवर निवडून गेल्या. त्या देशातील पहिल्या तृतीयपंथी आमदार. २००० च्या सुमारास कमला जान कटनीच्या महापौर झाल्या. परंतु ते पद महिलांसाठी राखीव होते आणि कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष आहेत, असे म्हणून न्यायालयाने ती निवड रद्द केली. लोकांनी मते दिली होती, पण ओळखीचा कागद नव्हता.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही सहभागी होत्या. पुढे जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठी भरलेला अर्ज, जागा महिलांसाठी राखीव असल्याच्या कारणाने फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्या निवडून आल्या. कटनीचा आणि जळगावचा प्रश्न एकच होता. मधल्या काळात कायदा बदलला होता.

ओळख प्रमाणपत्र

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याचे नियम त्याच वर्षी आले. त्यानुसार ओळख प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपल्याकडे बालाघाटचे कलेक्टर, देतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अर्जदार अठरा वर्षांखालील असेल तर आईवडील किंवा पालक अर्ज करतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

- अर्ज जिथे प्रत्यक्ष राहता त्या जिल्ह्यात करायचा असतो. नागपूरला मावशीकडे काही दिवस राहिल्याने तिथून प्रमाणपत्र मिळत नाही.
- अर्जाचा क्रमांक आणि पावती जपून ठेवावी. अर्ज नाकारल्यास कारण लेखी मागावे.
- या कायद्यातील तरतुदी आणि अर्जाचे नियम बदलत असतात. अर्ज भरण्यापूर्वी पोर्टलवरचा किंवा कलेक्टर कार्यालयातील चालू नियम वाचून घ्यावा. ऐकीव माहितीवर पैसे देऊ नयेत.

प्रमाणपत्र मिळाल्यावर आधार, समग्र आयडी, बँक खाते आणि शाळेचे कागद यांतील नाव व लिंग एकामागून एक दुरुस्त करून घ्यावे. कागदांत फरक राहिला की शिष्यवृत्ती आणि रेशन दोन्ही अडते.

घर आणि आईवडील

२०१९ च्या कायद्याने दिलेले एक संरक्षण फारसे कुणाला ठाऊक नसते. तृतीयपंथी व्यक्तीला आपल्या घरात राहण्याचा हक्क आहे. केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही. तसे करायचे तर न्यायालयाचा आदेश लागतो. घरातून किंवा गावातून हाकलणे, मारहाण, छळ यांसाठी त्यात सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

आईवडिलांना धक्का बसतो हे खरे. ‘आमचे काय चुकले?’ हा पहिला प्रश्न असतो. चूक कुणाचीच नसते. या काळात तीन गोष्टी टाळाव्यात : घाईने लग्न लावून देणे, बुवा-बाबांकडे नेणे आणि ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे उपचार घेणे. असे ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. जबरदस्तीच्या लग्नात तर दुसऱ्या घरच्या लेकराचेही आयुष्य अडकते.

आरोग्य

संप्रेरकांची औषधे मित्रांकडून किंवा औषध दुकानातून परस्पर घेऊ नयेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि संप्रेरकतज्ज्ञ यांचा सल्ला घेऊनच पुढे जावे. शस्त्रक्रिया करायची की नाही हा प्रत्येकाचा वेगळा निर्णय असतो; सगळे ती करत नाहीत. वैदू किंवा अप्रशिक्षित माणसाकडून केलेली शस्त्रक्रिया जिवावर बेतते.

‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ या केंद्राच्या योजनेचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. प्रमाणपत्रधारकांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा कवच देण्याची आणि त्यात लिंगबदल शस्त्रक्रियाही धरण्याची तिची आखणी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत शिष्यवृत्ती, कौशल्य प्रशिक्षण आणि ‘गरिमा गृह’ निवारे येतात. दोन्ही केंद्राच्या योजना असल्याने बालाघाटचा रहिवासीही त्यांसाठी अर्ज करू शकतो.

मदत कुठे मागावी

- १५१०० : विधी सेवा प्राधिकरण. २०१४ चा खटला ज्या राष्ट्रीय प्राधिकरणाने दाखल केला, त्याच व्यवस्थेतील जिल्हा प्राधिकरण बालाघाटला आहे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो.
- १४४१६ : टेली-मानस. मन खचले असेल तर मोफत बोलता येते.
- १०९८ : अठरा वर्षांखालील मुलांसाठी.
- ११२ : तातडीचा धोका असल्यास.
- १८१ : कार्यालयात काम अडल्यास मध्य प्रदेशची मुख्यमंत्री हेल्पलाइन.

स्वयंसेवी संस्थांत नागपूरचा सारथी ट्रस्ट आपल्याला सर्वांत जवळचा. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि गौरी सावंत यांची सखी चार चौघी ही संस्था आहे. ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ हा पालकांनीच पालकांसाठी चालवलेला गट आहे. मराठीतून वाचायचे असेल तर लक्ष्मी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आणि बिंदुमाधव खिरे यांची पुस्तके उपयोगी पडतील.

शेजारी आणि आप्तांसाठी

व्यक्तीने सांगितलेल्या नावानेच तिला हाक मारावी. शरीराविषयी प्रश्न विचारू नयेत. तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नये. लहान गावात बातमी सकाळी निघाली तर दुपारी बाजारात पोचते आणि त्यानंतर ती परत घेता येत नाही. गणपतीची आरती असो, हळदीकुंकू असो की लग्नाची पंगत, त्या घरी नेहमीसारखे बोलावणे जावे. आईवडिलांना मुलापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याचीच धास्ती जास्त असते. ते लोक म्हणजे आपणच, हे ध्यानात ठेवले तर त्यांचे निम्मे ओझे कमी होईल.