वसई : तटाच्या आत आणि तटाबाहेर

समुद्रापासून दूर, वर्ध्याच्या काळ्या मातीत राहणाऱ्या आम्हां काही कुटुंबांना वसई पाहण्याची जुनी ओढ होती. वसई रोड स्थानकावर उतरून किल्ल्याकडे जाताना आपण एका जुन्या बेटावर चाललो आहोत, हे ध्यानातही येत नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस सागर आणि पूर्वेस सोपाऱ्याची खाडी. ही पूर्वेची खाडी गाळाने भरत गेली आणि बेटपण केवळ इतिहासात उरले.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे तटाच्या आत एक संपन्न नगर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय व डॉमिनिकन धर्मगुरूंचे मठ आणि ख्रिस्तमंदिरे तेथे उभारली गेली. आज त्यांपैकी बहुतेकांची छपरे नाहीत. फ्रान्सिस्कन मंदिरात थडग्यांवरील पोर्तुगीज अक्षरे पावलांखाली येतात, तेव्हा पाऊल आपोआप बाजूला सरते.

याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मले. पिता पोर्तुगीज, माता या मातीतील. येशूसंघीयांच्या सहवासात वाढलेला हा तरुण जपानमध्ये व्यापारी झाला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाला. ८ जून १८६२ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

भग्न कमानीखाली आमच्यातील एका मुलाने विचारले, “हे सारे आपले होते का?” प्रश्न सोपा नव्हता. तटाच्या आत प्रामुख्याने सत्ताधारी राहत. आमचे श्रद्धाबंधू तटाबाहेरच्या वाड्यांत शेती-बागायत करीत. त्या सत्तेने धर्मप्रसारासाठी बळही वापरले, देवळेही पाडली. हे लपविणे सत्याला धरून होणार नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली. पराभूतांना सन्मानाने जाऊ देण्यात आले. येथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तोही वसईतच.

राज्ये आली आणि गेली. परंतु सत्तेचा आधार सुटल्यावरही बागायतीतील श्रद्धा सुटली नाही. ती मराठी बोलीत प्रार्थना करीत राहिली आणि २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

सायंकाळी परतताना त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, “बाळा, तट त्यांचा होता. तटाबाहेर जे टिकले, ते आपले.”