मटेरियल्स इंजिनीअरिंग : महाविद्यालयाची निवड कशी करावी?

कणकवली तालुक्यातील नांदगाव परिसराला कासार्डेची सिलिका वाळू नवी नाही. ओतकामाचे साचे आणि काच या दोन्हींसाठी ही वाळू लागते. घाटापलीकडे कोल्हापुरात ओतकामाचा मोठा उद्योग उभा आहे. धातू, सिरॅमिक, पॉलिमर आदी पदार्थांची अंतर्गत रचना, गुणधर्म व प्रक्रिया यांचा अभ्यास म्हणजेच मटेरियल्स इंजिनीअरिंग. महाराष्ट्रात ही पदवी बहुधा 'मेटलर्जी' या नावाशी जोडूनच दिली जाते.

प्रमुख संस्था

पवई येथील आयआयटी मुंबईत (स्थापना १९५८) प्रवेशासाठी जेईई मेन व त्यानंतर जेईई अ‍ॅडव्हान्स्ड द्यावी लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीत (स्थापना १९६०) जेईई मेनच्या गुणवत्तेवर प्रवेश होतो. तेथील निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे असून २०२२ मध्ये त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे मुख्यत्वे एमएचटी-सीईटीद्वारे प्रवेश मिळतो. आयआयटी व एनआयटीसाठी खुल्या गटातील विद्यार्थ्याला बारावीत ७५ टक्के गुण किंवा मंडळातील पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक असते. दहावीनंतर पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मेटलर्जीची पदविका घेऊन पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे.

काय पाहावे?

केवळ संस्थेच्या नावावर किंवा एकूण क्रमवारीवर विसंबून राहू नये. एनबीएची मान्यता अभ्यासक्रमनिहाय असते. ती त्याच शाखेला आहे का, याची खात्री करावी. विभागात ओतशाळा, उष्णता प्रक्रियेच्या भट्ट्या, एक्स-रे डिफ्रॅक्शन व इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत का आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष हाताळायला मिळतात का, हे विचारावे. नोकरीचे आकडे संस्थेचे नव्हे, तर शाखेचे मागावेत. पोलाद किंवा ओतकाम उद्योगात किती जण गेले आणि सॉफ्टवेअरकडे किती वळले, यावरून विभागाची खरी ओळख पटते. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल, या आशेवर प्रवेश घेणे धोक्याचे ठरते.

खर्चाचा हिशेब

या तिन्ही संस्था घरापासून दूर असल्याने शुल्काबरोबर चार वर्षांचा वसतिगृह व भोजनखर्चही धरावा लागतो. आयआयटी व एनआयटीत कौटुंबिक वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांपर्यंत असल्यास शिक्षण शुल्क पूर्ण, तर १ ते ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ होते. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून येणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नगटातील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. उत्पन्नाचे व जातीचे दाखले निकालापूर्वीच तहसील कार्यालयातून काढून ठेवावेत. दाखल्याअभावी सवलत हुकली, तर त्याचा भार कर्जाच्या रूपाने कुटुंबावरच पडतो.