भूविज्ञानाचे प्राथमिक शिक्षण (श्रीरामपूर परिसर)

पहिली ते पाचवीच्या मुलांना माती, खडक, नदी, भूजल आणि पृथ्वीची गती यांची ओळख करून देणारे शिक्षण. महाराष्ट्रात या वयासाठी भूविज्ञानाचे वेगळे पुस्तक नाही. बालभारतीच्या ‘परिसर अभ्यास’मध्ये हा विषय विखुरलेला आहे, खडकांच्या प्रकारांचा स्वतंत्र पाठ येतो तो सहावीच्या भूगोलात. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात इतके थांबण्याचे कारण नाही. येथे शेतातली विहीर हाच पहिला पाठ आहे.

विहीर खोदताना बहुधा आधी काळी माती लागते, मग चुनखडीचे खडे, मुरूम, मांजऱ्या खडक आणि तळाशी काळा पाषाण. हा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ‘खडक झिजून माती होते’ हे वाक्य मुले पाठ करतात, तरी खडक आणि माती त्यांच्या मनात वेगळेच राहतात. मधला दुवा मुरूम. तो हाताने चुरता येतो आणि त्यातला टणक खडाही दिसतो, म्हणून सुरुवात त्यापासूनच करावी. लहान मुलांना विहिरीत डोकावू देऊ नये. बाहेर टाकलेला ढीग पुरतो. त्यात क्रम उलटा असतो, सर्वांत खोलचा दगड सर्वांत वर. असे का, हे मुलांनाच शोधू द्यावे.

थरांतला काळ समजायला दायमाबाद जवळ आहे. प्रवरेच्या काठावरील या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचा शोध 1958 मध्ये लागला. तेथे एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे थर उत्खननात मिळाले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. कोट्यवधी वर्षांचा आकडा मुलांना पेलत नाही, पण पणजोबांच्याही पलीकडची माणसे याच मातीवर राहत होती हे पेलते.

पाण्याचा धडा कालव्याकाठी घ्यावा. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरा कालव्यांनी आले, ऊस आला, आणि निचरा नसलेल्या काही जमिनी क्षार साचून चोपण झाल्या. ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवले की मागे पांढरा थर उरतो. शेतात पांढरी फूट कशी येते, हे त्यावरून सांगता येते.

पृथ्वीच्या गतीसाठी एक काठी पुरे. श्रीरामपूर सुमारे 19.6 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येथे शून्य सावली पडते; पण मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ भरलेले. त्यापेक्षा वर्षभराची नोंद बरी. दुपारी साडेबाराच्या सुमारास मीटरभर काठीची सावली 22 डिसेंबरला सुमारे 93 सेंटिमीटर, तर 21 मार्चला 36 सेंटिमीटरच्या आसपास भरते.