घरखर्चाच्या वहीतील इतिहास

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत असते. संसाराचे सारे अर्थशास्त्र तीत सामावलेले आहे, असे आपण मानतो. परंतु अंथरूण आहे तेवढेच राहील, असे या म्हणीने गृहीत धरले आहे. ज्या काळात धान्य, तेल, साखर यांचे भाव महिन्यागणिक चढतात, त्या काळात अंथरूणच आखूड होत जाते. पाय मात्र पूर्वीइतकेच लांब राहतात. अशा वेळी ठरलेल्या रकमेत वाणसामान बसवायचे म्हणजे नेमके काय करायचे? कमी पडलेला पैसा अखेर कोणाच्या वाट्यातून निघतो? मुंबई शहराच्या विसाव्या शतकातील इतिहासात या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सापडते. कारण या शहरात घरखर्चाची वही फडताळातून बाहेर पडून सरकारी अहवालात गेली, वेतनाच्या निवाड्यात गेली आणि एक दिवस रस्त्यावरही आली.

या इतिहासाचा आरंभ पहिल्या महायुद्धाने होतो. १९१४ ते १९१८ या वर्षांत जीवनावश्यक वस्तू महाग होत गेल्या. १९१८ साली पावसाने दगा दिला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने घराघरांतून माणसे नेली. पगार मात्र भावांच्या मागे रखडत राहिले. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या एक लाखाहून अधिक गिरणीकामगारांनी संप केला. त्यानंतरच्या अस्वस्थ वर्षांत सरकारला एक गोष्ट उमगली: कामगार कुटुंबाचे भागते की नाही, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते. मालक एक सांगत, कामगार दुसरे सांगत, आणि दोघांपाशीही आकडा नव्हता. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस स्थापन केले. जुलै १९१४ मधील खर्च १०० धरला, तर आज तोच संसार चालविण्यास किती लागेल, हे सांगणारा राहणी-खर्चाचा निर्देशांक या कचेरीकडून प्रसिद्ध होऊ लागला. १९२० साली तो १८० च्याही वर गेलेला होता.

कुटुंबाच्या खर्चाचे असे मोजमाप युरोपात त्यापूर्वीच सुरू झाले होते. फ्रान्समधील कॅथोलिक समाजचिंतक फ्रेडरिक ल प्ले यांनी १८५५ साली युरोपातील कामगारांवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एकेका कुटुंबात मुक्काम करून, त्याची मिळकत आणि खर्च बारकाईने टिपून घेण्याची त्यांची रीत होती. दोनच वर्षांनी, १८५७ साली, अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे हिशेब अभ्यासून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा मोठा, असा तो नियम होय. आजही अर्थशास्त्रात तो एंगेलच्या नावानेच ओळखला जातो. त्याचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. धान्य महागले की श्रीमंताच्या वहीतील एक रकाना वाढतो. गरिबाची मात्र सारी वहीच कोलमडते.

हीच कसोटी मुंबईला लावली गेली ती १९२१-२२ साली. लेबर ऑफिसचे संचालक जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली २,४७३ कामगार कुटुंबांचे आणि एकट्याने राहणाऱ्या ६०३ पुरुषांचे हिशेब गोळा करण्यात आले. १९२३ साली अहवाल प्रसिद्ध झाला. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे बावन्न रुपये निघाले. खर्चातील ५६.८ टक्के वाटा अन्नाचा होता. जळण आणि दिवाबत्ती ७.४, कपडालत्ता ९.६, खोलीभाडे ७.७ आणि उरलेले १८.५ टक्के इतर गोष्टींसाठी. १०० पैकी ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती.

या अहवालातील एक निष्कर्ष वाचणारा आजही क्षणभर थांबतो. मुंबईच्या कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य सरकारच्या दुष्काळी नियमावलीत ठरविलेल्या कमाल मापाएवढे होते. परंतु मुंबईच्या तुरुंगात कैद्याला जो शिधा ठरवून दिलेला होता, त्यापेक्षा ते कमी होते. ज्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता, जे दिवसभर साच्यांवर उभे राहत होते, त्यांचे ताट बंदिवानाच्या ताटापेक्षा हलके होते. हा निष्कर्ष कोणा पुढाऱ्याच्या भाषणातील नव्हता. तो खुद्द सरकारी कचेरीचा होता. या कुटुंबांना काटकसरीचा उपदेश करण्यासारखे काय उरले होते? कोंड्याचा मांडा करण्याची विद्या त्यांच्या घरातील बाईला उपदेशकांपेक्षा अधिक अवगत होती.

तरीही हातातोंडाची गाठ पडत नव्हती. १०० पैकी ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि कर्ज साधारणपणे अडीच महिन्यांच्या कमाईएवढे होते. व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५. त्यातून गिरणीत एका महिन्याचा पगार हाती पडे तो पुढल्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास. मधले दिवस निघत ते वाण्याच्या उधारीवर. उधारीने घेणाऱ्याला भाव करता येत नाही, मालात खडे निघाले तरी दुसरे दुकान धरता येत नाही, आणि स्वस्ताईच्या दिवसांत महिन्याचे धान्य एकदम भरून ठेवणे तर दूरच राहते. पावशेर तेल आणि आठवड्याचे तांदूळ घेणारा माणूस त्याच वस्तूसाठी पोत्याने घेणाऱ्यापेक्षा अधिक पैसे मोजतो. गरिबीतील घरखर्च हा असा दुहेरी महाग असतो.

कमी पडणाऱ्या पैशाची भरपाई घरात कोणत्या क्रमाने होते, हे संसार केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आधी दूध आणि तूप कमी होते, मग डाळ पातळ होते, मग भाजी एक वेळेवर येते. कमावत्या पुरुषाचे ताट शक्यतो राखले जाते, कारण त्याच्या अंगातील बळावर सारे घर उभे असते; त्यानंतर मुलांचे ताट. शेवटी जेवायला बसणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला तळाशी उरलेले येते. वहीत ही तूट कोठेच लिहिलेली नसते. महिन्याचा हिशेब जुळलेला दिसतो, आणि तो कोणी जुळवला हे वही सांगत नाही.

याच संदर्भात पोप लिओ तेरावे यांच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या १५ मे १८९१ च्या परिपत्रकाची आठवण होते. काटकसरीने व सरळपणे राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतके वेतन हा न्यायाचा भाग आहे, केवळ परस्परांच्या कराराचा नव्हे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. बायकामुलांचे नीट भागेल एवढे वेतन मिळाले, तर समंजस माणूस काटकसर करून थोडे शिल्लकही टाकील, असेही पुढे म्हटले आहे. यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी पुरेसे वेतन, मग काटकसर. काटकसर हा सद्गुण खराच. पण तो वेतनाची जागा भरून काढू शकत नाही. १९२३ चा अहवाल म्हणजे या विचाराला मिळालेला जणू आकड्यांचा आधारच होता.

दुसऱ्या महायुद्धात हे आकडे प्रत्यक्ष उपयोगाला आले. १९३२-३३ साली मुंबईतील कामगार कुटुंबांची पुन्हा पाहणी झालेली होती. मंदीने धान्य स्वस्त झाल्यामुळे अन्नाचा हिस्सा तेव्हा सुमारे ४७ टक्क्यांवर आला होता. या पाहणीवरून नवा निर्देशांक तयार झाला, आणि युद्धकाळात गिरणीकामगारांचा महागाई भत्ता त्याच्याशी जोडला गेला. भाव चढले की भत्ता चढावा, हे तत्त्व मान्य झाले. त्यासाठी संप करावे लागले, लवादापुढे उभे राहावे लागले, हे विसरता येणार नाही.

पण हाती पैसा येऊनही बाजारात धान्य नसेल तर? १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. घरोघर कार्ड आले. माणशी ठरलेले माप, ठरलेला भाव. रांगेत तास मोडत, धान्य निवडता निवडता डोळे शिणत, सवयीचा तांदूळ मिळत नसे, आणि गृहिणी सरकारच्या नावाने बोटे मोडत. तरीही त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि कलकत्त्यात रेशनिंग येण्यास १९४४ चा जानेवारी संपत आला, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्या कार्डाचे मोल कळते. स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्याचा निर्णय झाला. भाव भराभर चढले आणि १९४८ साली ती पुन्हा आणावी लागली.

त्याच १९४८ साली गिरणगावात, नायगावला, कामगार कार्यकर्त्यांनी ग्राहकांची सहकारी संस्था उभी केली. तीच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घराघरांत पोहोचली. या कल्पनेचा उगम इंग्लंडमधील रॉचडेल गावी आहे. तेथील विणकरांनी डिसेंबर १८४४ मध्ये पीठ, लोणी, साखर असा मोजका माल ठेवून आपले दुकान उघडले होते. चोख माप, भेसळ नसलेला माल आणि रोख व्यवहार ही त्यांची शिस्त. रोखीच्या या अटीमुळे सहकारी दुकान टिकते. पण उधारीत गुंतलेले कुटुंब मात्र त्याच्या पायरीशीच अडते, ही त्यातील अडचणही नोंदविली पाहिजे.

निर्देशांकाचीही एक कहाणी झाली. १९३२-३३ सालच्या कुटुंबाच्या गरजांवर बेतलेला हिशेब तीस वर्षांनंतरही मुंबईत चालूच होता. तो खऱ्या महागाईपेक्षा कमी आकडा दाखवितो, अशी कामगारांची तक्रार होती. ऑगस्ट १९६३ मध्ये या प्रश्नावर मुंबईत बंद पाळला गेला. सरकारने नेमलेल्या लकडावाला समितीने तक्रारीत तथ्य असल्याचे मान्य केले आणि निर्देशांकात दुरुस्ती झाली. वाणसामानाच्या यादीतील चुकीसाठी एवढे मोठे शहर थांबावे, ही इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

तोपर्यंतच्या या लढ्यांचा चेहरा पुरुषाचा होता. वही मात्र बाईच्या हाती होती. १९७२ च्या दुष्काळाने हे चित्र पालटले. रेशनच्या दुकानांत परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळू लागला; तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांतील स्त्रिया महागाई प्रतिकाराच्या संयुक्त समितीत एकत्र आल्या. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय वसाहतींतल्या बायका हाती लाटणी घेऊन मोर्चात उतरल्या, थाळ्या वाजवू लागल्या, मंत्र्यांना घेराव घालू लागल्या. लाटण्यांनी महागाई हटली असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९७४ मध्ये घाऊक भावांची वाढ शेकडा वीसच्याही वर गेली, आणि भाव उतरले ते कडक पतधोरणामुळे व १९७५ च्या चांगल्या पावसामुळे. तोवर आणीबाणी येऊन मोर्चे बंद पडले होते. परंतु स्वयंपाकघरातील तूट हा प्रत्येकीच्या हातगुणाचा प्रश्न नसून राज्यकारभाराचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या लाटण्यांनी कायमची सांगून ठेवली.

त्याच १९७५ साली दोन शांत कामे मुंबईत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने पुण्यात आदल्या वर्षी सुरू झालेली ग्राहक पंचायतीची चळवळ मुंबईत आली. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करावा, महिन्याची यादी आधी द्यावी, एकत्रित घाऊक खरेदी व्हावी आणि सभासदांनी एखाद्या सभासदाच्या घरीच वाटप करावे, अशी तिची पद्धत. यादी आधी लिहावी लागत असल्यामुळे अनावश्यक खरेदी आपोआप टळते, आणि मधल्या दलालांची साखळीही तुटते. दुसरे काम प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे. गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका महिन्याच्या ठरलेल्या दराने ताट वाढीत. मध्येच भाव चढले की त्यांचीच कंबर मोडे आणि त्या वाण्याच्या व सावकाराच्या कर्जात रुतत. मंडळाने त्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग मोकळा करून दिला.

या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. ठरल्या रकमेत घर चालविणे ही शिस्त चांगली आहे, आणि ती प्रत्येक घरात असावी. यादी करून घेणे, रोखीने घेणे, मोसमात घेणे, शेजाऱ्यांसह एकत्र घेणे, हे सारे शहाणपणाचेच आहे. पण महागाईच्या दिवसांत एकट्या घराची काटकसर फार दूर जात नाही. ती घरातील सर्वांत शेवटच्या ताटापाशी येऊन थांबते. ते ताट वाचले, तेव्हा ते वह्या एकत्र वाचल्यामुळे वाचले आहे. भत्ता, रेशन, सहकार, ग्राहकांचे संघ ही सारी त्याचीच रूपे होत.

औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकाची २०१६ या पायाभूत वर्षाची मालिका २०२० साली लागू झाली. तीत अन्नपदार्थांचा हिस्सा सुमारे ३९ टक्के धरला आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत तो ५६.८ होता. मोजणीची व्याप्ती वेगळी असली, तरी हे अंतर समाधानाचे आहे. मात्र सरासरीच्या या आकड्याखाली आजही अशी घरे आहेत, ज्यांच्या वहीत १९२३ सालच चालू आहे. आपल्या घरचा महिन्याचा हिशेब जुळला, तर तो कोणाच्या ताटावर जुळला, हे एकदा पाहून घ्यावे. आणि शेजारच्या घराचा जुळत नसेल, तर त्या घराला काटकसर शिकविण्यापूर्वी त्यांची वहीही पाहावी.