रायसेनचा गड आणि दिलेला शब्द

भोपाळास जाणारा मराठी प्रवासी बहुधा मोठा तलाव पाहतो, सांचीचे स्तूप पाहतो आणि परततो. पूर्वेकडील रायसेनची वाट त्याने धरली, तर सुमारे ४५ किलोमीटरांवर विंध्याच्या एका सपाट माथ्यावर लांबच लांब तट दिसेल आणि त्याच्या पायथ्याशी जुने गाव. चढण दमवणारी आहे. पण वर पोचल्यावर श्रमाचे सार्थक होते. बादल महाल, पावसाचे पाणी साठविणारी टाकी, एरवी कुलूपबंद असणारे व महाशिवरात्रीस उघडणारे सोमेश्वराचे मंदिर, सारे एकाच डोंगरावर आहे. रमजानात येथून तोफ उडविण्याचा परिपाठही आहे.

असा गड पडला कसा? १५३२ साली गुजरातच्या बहादूरशहाने तो घेतला, तेव्हा आत जोहार झाला. पुढे १५४३ मध्ये शेरशहा सूर येथे येऊन बसला. त्याने बाजारातले आणि छावणीतले तांबे, भांड्याकुंड्यांसुद्धा, गोळा करून तोफा ओतविल्या. मारा महिनोन्‌महिने चालला. अखेरीस जीवित आणि कुटुंब यांना अभय मिळाल्यावर पुरणमल गडाखाली उतरला. मग एका धर्मशास्त्र्याने असा निर्णय दिला की, हे अभयवचन बंधनकारक नाही. पहाटे सैन्याने आणि हत्तींनी राजपुतांच्या तळाला वेढा घातला. पुरणमलाने स्वतःच्या हाताने पत्नी रत्नावलीचा शिरच्छेद केला, इतरांनी तेच केले, आणि सारे लढून मेले. ही हकीकत शत्रूने रचलेली नव्हे. शेरशहाचा गौरव करणाऱ्या अब्बास खान सरवानी या अफगाण इतिहासकारानेच ती लिहून ठेवली आहे. सडका बांधणारा, रुपया पाडणारा हा कर्तबगार राजा. त्याच्या चरित्रातले हे पान मात्र कोणत्याही शास्त्रार्थाने धुऊन निघत नाही.

भोपाळच्या उत्तरेस, बेरसियाच्या वाटेवर, जगदीशपूर आहे. तेथील चमन महाल आणि बाग रम्य आहेत. दोस्त मोहम्मद खानाने येथील राजपुतांना मेजवानीस बोलावून ठार केले व जवळची नदी रक्ताने लाल झाली, म्हणून तिचे नाव हलाली पडले, अशी आख्यायिका आहे. त्याने गावाचे नाव इस्लामनगर ठेवले. २०२३ मध्ये सरकारने जुने नाव परत दिले. भोपाळची शाहजहान बेगम १८३८ साली येथेच जन्मली.

मराठी माणसाने पाहावे असे तिसरे स्थळ म्हणजे दोराहा. तेथे पाहण्यासारखे फारसे नाही. डिसेंबर १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावाने निजामाला भोपाळच्या तटात कोंडले, रसद तोडली आणि उपासमारीने जेरीस आणले. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराह्यास तह झाला. सबंध माळवा, नर्मदा ते चंबळ हा मुलूख आणि खर्चाचे ५० लाख रुपये देण्याचे निजामाने लिहून दिले. बाजीरावाने त्याला वाट मोकळी करून दिली. माळव्याची बादशाही सनद मात्र सवाई जयसिंगाच्या मध्यस्थीने १७४१ साली आली, ती नानासाहेबाच्या नावाने. बाजीराव १७४० सालीच रावेरखेडीस वारला होता.